सतराव्या दिव्यापुढं

१

त्या उन्हाळ्यात तलावात पाणी नव्हतं, पंप बंद होता, तरी मी रोज सकाळी पंप हाऊसचं कुलूप काढून आत बसत होतो. शहाऐंशी सालची गोष्ट. अणदूरच्या पलीकडं माळावर आमच्या उपसा सिंचन संस्थेचा तलाव, आणि मी तिथला ऑपरेटर. तलावाच्या गाळाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. गावातली निम्मी माणसं रोजगार हमीच्या खडीवर गेली होती, निम्मी सोलापूर-पुण्याकडं. माझी बायको लेकरांना घेऊन बार्शीला भावाकडं राहिली होती. पंप हाऊसपासून हाकेच्या अंतरात माणूस नव्हतं. दुपारी पत्रा तापून कडकड वाजायचा, तेवढीच सोबत.

मला बसून राहायला कारण होतं ते भिंतीवरच्या पाटीचं. ती मीच बनवली होती. आयटीआय झाल्यावर मी कळंबला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काही वर्षं काढली, तिथला हा नाद. तलावापासून शेतांकडं पाईपलाईन गेली होती आणि तिच्यावर नऊ चेंबर होते. प्रत्येक चेंबरमध्ये एक व्हॉल्व्ह आणि एक बटण. पाणी पोचलं की तिथला माणूस बटण दाबायचा. माझ्या पाटीवर नऊ बारीक लाल दिवे एका ओळीत बसवले होते. मोजणारी एक आयसी, म्हणजे बारीक पायांची काळी चिप, ते एकामागून एक लावत जायची, नववा झाला की पुन्हा पहिला. ज्या चेंबरचा दिवा लागलाय तिथं कुणी बटण दाबून धरलं असेल, तर घंटी वाजायची. दिवा विचारणार आणि घंटी उत्तर देणार, एवढाच कारभार. ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर तो दिवसरात्र चालायचा.

पाणी नसताना कोण बटण दाबणार? पण एक माणूस दाबायचा. नवव्या चेंबरजवळ, लाईनच्या अगदी शेवटाला, रेवणप्पाकाकांची झोपडी होती. ते संस्थेचे पाटकरी. पाणी कुणाला, किती वेळ, हे ठरवून व्हॉल्व्ह फिरवायचं काम त्यांच्याकडं. दोन वर्षं व्हॉल्व्हला हात लावायची वेळ आली नव्हती, तरी ते आणि त्यांची बायको चन्नम्माअक्का तिथंच राहिले होते. दिवेलागणीला काका चेंबरचं झाकण उचलून बटण दाबायचे. नवव्या दिव्यावर माझी घंटी वाजायची. म्हणजे, आमी हाय, जेवायला बसतो, तू बी जेव.

मला त्यांना उलट काही सांगायची सोय नव्हती. मी नुसता ऐकायचो, आणि मग चूल पेटवायचो.

२

चैत्रात चेअरमन हणमंतप्पा जीपमधून आले. वाढीव लाईनीला मंजुरी मिळायची होती आणि ती बघायला वरचे साहेब येणार होते. नवव्या चेंबरापुढं माळावर आणखी आठ चेंबर होणार होते. पण दुष्काळात खणणार कोण? नुसती चुन्याची फक्की मारून खुंट्या ठोकल्या होत्या.

"बब्रुवान, पाटीवर सतरा दिवे पायजेत," चेअरमन म्हणाले. "साहेबाला समदी लाईन दिसली पायजे."

"साहेब, तिकडं चेंबरच न्हाईत. वायरी कुठं नेऊ?"

"वायरी पुढल्या साली. आत्ता नुसते दिवे पळू दे."

मी सोलापूरहून दुसरी आयसी आणली. एका आयसीला दिव्यांसाठी दहा पाय असतात; दुसरी जोडायची तर पहिलीचा एक पाय दिव्याला न देता दुसरीच्या हातात द्यावा लागतो. पहिलीचं मोजून झालं की ती त्या पायानं दुसरीला जागं करते आणि आपण थांबते. दुसरीचं संपलं की पुन्हा पहिली. पहिल्या आयसीचे नऊ दिवे म्हणजे आमची पुरलेली लाईन. दुसरीचे आठ म्हणजे माळावरच्या खुंट्या. त्या आठांच्या बटणाच्या जागा मी बारीक तारेनं एकत्र बांधून जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, टेकवून टाकल्या. तिथून घंटी वाजण्याचा प्रश्नच उरला नाही.

साहेब आले, दिवे पळताना बघितले, चहा घेतला, गेले. जीपची धूळ खाली बसेपर्यंत मी दारात उभा होतो. मग आत आलो आणि दहाव्या दिव्यावर घंटी वाजली.

३

पहिल्यांदा मी हसलोच. सोल्डर सुटलं असणार. तापलेल्या हवेत या आयसी फार हळव्या होतात, नुसतं बोट जवळ नेलं तरी चुकतात. मी पाटी उतरवली, मागची तार तपासली. तार जागेवर होती. तरी नवीन सोल्डर मारलं, पाटी टांगली आणि समोर खोक्यावर बसून राहिलो.

दिवे पळत होते. नऊ, दहा, अकरा. अकराव्यावर घंटी वाजली.

मी दोन्ही आयसींची अदलाबदल केली. आयसी बिघडलेली असेल तर बिघाड तिच्याबरोबर पहिल्या नऊ दिव्यांत यायला हवा होता. पहिले नऊ मुके राहिले. घंटी पुन्हा अकराव्यावरच. त्यात आणखी एक गोष्ट होती, ती मी स्वतःशीसुद्धा लगेच कबूल केली नाही. बिघाडाची घंटी कशी वाजते ते मला ठाऊक आहे. ती चरचरते, अर्धवट तुटते, भलत्याच दिव्यावर जाते. ही तशी नव्हती. दिवा लागला की वाजायची, दिवा गेला की थांबायची. कुणीतरी बटणावर बोट ठेवून उभं असल्यासारखी.

त्या दिवशी संध्याकाळी नववा दिवा वाजला, काकांचा. त्याच्या मागोमाग अकरावा वाजला. काका जेवायला बसले असतील. अकरावा मात्र वाजत राहिला.

४

आठवडी बाजार करून मी तसाच काकांच्या झोपडीकडं गेलो. शेवग्याच्या झाडाखाली बसून त्यांना सगळं सांगितलं. काका उन्हानं काळवंडलेले, कमी बोलणारे. चन्नम्माअक्का दारात ज्वारी पाखडत होत्या. त्या मला तम्मा म्हणायच्या, त्यांच्या कानडीत धाकटा भाऊ.

"अकरावी खुंटी?" काकांनी विचारलं.

"व्हय. पर तिथं वायरच न्हाय, काका. मशीनचाच काहीतरी घोटाळा हाय."

 काका उठून माळाकडं गेले. परत आले तेव्हा त्यांनी मूठ उघडून दाखवली. मुठीत ओल्या मातीचा गोळा होता.

"वल हाय," ते म्हणाले. "खुंटीच्या बुडाला. हात घातला तर गार लागतंय. आन् कान लावला तर..."

"काय?"

"पाईपात पाणी चढताना घुमतं ना, तसं घुमतंय."

सूप थांबलं. "तिथं पाईप न्हाय," चन्नम्माअक्का म्हणाल्या. "मग काय घुमतंय? जाऊ नका तिकडं."

"पाणी असलं तर?"

"पाणी असतं तर कुत्रं तरी तिकडं फिरलं असतं. चार दिवस झालं, एक कुत्रं त्या अंगाला जाईना."

काका मातीच्या गोळ्याकडं बघत राहिले. दोन वर्षं पाणी न सोडलेला पाटकरी. त्यांच्या तोंडावर जे आलं होतं ते मला बघवलं नाही. मी माती हातात घेऊन वास घेतला. पहिल्या पावसाचा नव्हे, गाळाचाही नव्हे. बंद खोलीत खूप माणसं झोपून उठल्यावर येतो तसला वास होता.

"उद्या सकाळी टिकाव घेऊन जातो," काका म्हणाले. "खुंटी-खुंटीनं शेवटापर्यंत बघून येतो. तू तुझ्या पाटीवर ध्यान ठेव."

मी नको म्हणालो. पण ठामपणे म्हणालो नाही. कुणीतरी डोळ्यांनी बघून येऊन मला सांगावं, तिथं काही नाही, तुझं मशीन खराब आहे, असं मलाही वाटत होतं.

५

सकाळी मी पंप हाऊसच्या छतावर चढलो. लांबवर शेवगा दिसत होता आणि त्याच्या पलीकडं चालणारा पांढरा ठिपका, खांद्यावर टिकाव. मग जमीन उतरते, तिथं ठिपका दिसेनासा झाला. मी खाली येऊन पाटीसमोर बसलो.

दहाव्यावर घंटी झाली. थोड्या वेळानं अकराव्यावर. मग बाराव्यावर. माणसाला एका खुंटीपासून दुसऱ्या खुंटीपर्यंत चालायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मध्ये जात होता. मी स्वतःला समजावत होतो की काकांना बटण दाबायला तिथं बटण नाही. तेरा. चौदा. पंधराव्यावर जरा जास्त थांबले, दम खाल्ला असावा. सोळा. सतरा.

सतराव्यानंतर दिवे पहिल्यापासून पळायला लागले, आणि घंटी कुठंच वाजली नाही.

मी वाट बघितली. परत यायचे तर सोळावा वाजायला हवा, मग पंधरावा. काही नाही. ऊन दारातून आत आलं, पाटीवर चढलं. मग चन्नम्माअक्का आल्या, पदर खोचलेला, पाय धुळीनं माखलेले.

"आलेत का इकडं?"

आम्ही दोघं माळावर गेलो. खुंट्या ओळीनं उभ्या होत्या. एकीच्याही बुडाला ओल नव्हती. धुळीत काकांच्या पायांचे ठसे स्वच्छ होते. शेवटच्या खुंटीला टिकाव टेकवून ठेवला होता, माणूस घरात शिरताना दाराशी ठेवतो तसा. ठसे तिथं थांबले नव्हते. त्याच सरळ रेषेत, तेवढ्याच ढांगेनं पुढं गेले होते, आणि पुढं कडक मुरूम लागल्यावर उमटायचे बंद झाले होते. समोर मोकळा माळ होता. लपायला झुडूप नाही, पडायला विहीर नाही.

अक्कांनी हाका मारल्या. माळावर हाक विरून जाते, तशी विरली.

पोलीस पाटील म्हणाले, कामाला गेला असंल कुठं तरी, दुष्काळात माणसं अशीच जातात. गावात हे सगळ्यांना पटलं. दोन माणसांना पटलं नाही.

६

तिसरी आयसी आणायची कल्पना माझी. अक्का रोज सकाळी येऊन पाटीसमोर बसायला लागल्या होत्या. भाकरी बांधून आणायच्या, आम्ही दोघं पाटीकडं बघत खायचो. एकदा त्यांनी विचारलं, "तम्मा, सतराच्या पुढं का विचारत न्हाईस?"

मी समजावून सांगायला निघालो आणि मलाच उमगलं. काका सतराच्या पुढं गेले होते. तिथं माझा दिवा नव्हता. जिथं आपण विचारतच नाही तिथून उत्तर कसं येणार?

सोलापूरला जाऊन आलो. दुसऱ्या आयसीचा पाय तिसरीच्या हातात दिला आणि आणखी आठ दिवे बसवले. लाकडाची पट्टी पुरेना म्हणून दाराच्या फळीवर टोचले. बॅटरीची वायर जोडली. दिवे पळाले. सतरा, अठरा, एकोणीस.

बाविसाव्यावर घंटी वाजली.

अक्कांनी तोंडावर पदर धरला. "हायेत," त्या म्हणाल्या. "चालतायत अजून."

मलाही भरून आलं. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत कुणाची तरी खबर आली होती. पण दोन दिवसांत घंटी शेवटच्या दिव्यावर जाऊन पुन्हा गप्प झाली. मी चौथी आयसी जोडली. घंटी त्या नव्या दिव्यांत सापडली, आणि चालत चालत त्यांच्याही शेवटाला गेली. दिव्यांची ओळ दार संपवून भिंतीवर गेली, भिंतीवरून कोपऱ्यात वळली. पाचवी आयसी हातात घेऊन मी बसलो असताना एक विचार आला आणि माझे हात थांबले. काका पुढं जातात म्हणून मी दिवे वाढवतोय, की मी दिवे वाढवतोय म्हणून त्यांना पुढं जायला जागा होतेय?

"आता आणखी न्हाय जोडत," मी म्हणालो.

"का?"

"पुढं वाटच न्हाय ऱ्हायली तर माघारी फिरतील."

 अक्का रागावल्या असं वाटलं. मग म्हणाल्या, "आन् एकटेच फिरतील कशावरून?"

तेव्हा मला तो प्रश्न कळला नाही.

७

शेवटचा दिवा वाजत राहिला. फेरीमागून फेरी, प्रत्येक वेळी तिथंच. कुणीतरी दाराला धडका देत असल्यासारखं ते ऐकून माझी झोप उडाली. मग एका दुपारी शेवटचा दिवा वाजला नाही. त्याच्या अलीकडचा वाजला.

अक्का उठल्या. "सैपाक करते," एवढंच म्हणाल्या आणि झोपडीकडं चालू लागल्या. त्यांची पाठ ताठ होती, पावलं भराभर पडत होती. कितीतरी दिवसांनी मी त्यांना तसं चालताना बघत होतो.

घंटी माघारी येत होती. कोपऱ्यातून भिंतीवर, भिंतीवरून दारावर. मी मोठ्यानं म्हणत होतो, या काका, या. बावीस. एकवीस. वीस. आणि वीस वाजल्यावर त्याच फेरीत एकवीसही वाजला.

मला वाटलं, चुकलो. पुढच्या फेरीत एकोणीस वाजला, वीस वाजला, एकवीस वाजला. त्याच्या पुढच्या फेरीत चार दिवे. पुढचा दिवा अलीकडं सरकत होता आणि मागचा एकही गप्प होत नव्हता, उलट त्यांच्याही मागचे वाजायला लागत होते. मी सोल्डर, तार, ऊन, सगळी कारणं एकेक करून आठवली. एकही मनाला लागलं नाही. ऊन उतरलं तेव्हा नवव्यापासून पार कोपऱ्यापर्यंत सगळे दिवे वाजत होते. मध्ये खंडच नव्हता, नुसता एक लांब आवाज.

आठवा वाजला नाही. नवव्याला येऊन ते थांबलं. नववा म्हणजे काकांचं घर.

मी बॅटरीची वायर उपटली आणि शेवग्याच्या दिशेनं पळालो.

८

दिवस मावळायचा होता. झोपडीच्या दाराशी उजेड होता, आत अंधार. चन्नम्माअक्का दारात आडव्या उभ्या होत्या, हात पिठानं भरलेले. त्यांच्या तोंडावर हसू होतं. दमलेलं, पाहुण्यांच्या गडबडीतलं.

"आले, तम्मा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लांबून आलेत. पाय बग की कसे भिजलेत."

उंबऱ्यावरून आत गेलेला चिखल मला दिसला. काळा, ओला, चमकणारा. दोन वर्षं माझ्या मुलुखात तसला चिखल कुणी पाहिला नव्हता.

"काका," मी हाक मारली. "मी बब्रुवान."

"ये," काकांचा आवाज आला. आवाज त्यांचाच होता. घोगरा, कमी बोलणाऱ्या माणसाचा. मी पाऊल उचललं.

"ये," पुन्हा काकांचाच आवाज आला. थोडा मागून.

"ये," त्याच्याही मागून. मग त्याच्या मागून. एकाचं म्हणून झालं की दुसरा म्हणत होता, त्याच घोगऱ्या आवाजात, मध्ये तेवढंच अंतर ठेवून. ती झोपडी मला ठाऊक होती. आत एक चूल, एक कणगी, दोन माणसं झोपतील एवढी जागा. आवाज लांब लांब जात राहिला. कुडाची मागची भिंत जिथं असायला हवी होती त्याच्या पुढं गेला, बारीक झाला, ऐकू येईनासा झाला, तरी तिकडं लांब कुणीतरी म्हणतच असणार असं वाटत राहिलं.

मग अगदी जवळून, दारामागून, पुन्हा पहिला आवाज आला. "ये."

मी पाऊल मागं घेतलं. अक्कांचा हात धरला. "अक्का, चला. माझ्याबरोबर चला. अणदूरला जाऊ."

त्यांनी हात सोडवून घेतला. रागानं नाही, कामात असलेली बाई लेकराचा हात सोडवते तसा.

"आत्ता कुठं जाऊ? उपाशी हायेत समदे," त्या म्हणाल्या. मग मागं वळून अंधारात बघितलं, ओठ हलवले, जणू काही हिशेब लावत होत्या आणि तो लागत नव्हता. त्यांच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तम्मा," त्या म्हणाल्या, "तुझ्याकडं पीठ असंल तर आणून ठेव रं दारात. माझं काय पुरायचं न्हाय."